रकाना नऊ : नमुना काडतूस

नाव : चांगदेव म्हस्कू रणपिसे. वय : अठ्ठावन्न पूर्ण. हुद्दा : आर्मरर हवालदार, सेवानिवृत्त. राहणार : दौंड, मूळ गाव घोडनदीकाठी, तालुका शिरूर. उंची : पाच फूट पाच इंच. वर्ण : सावळा. ओळखीची खूण : डाव्या हाताच्या अंगठ्यास नख नाही. वर्तणूक : समाधानकारक. विशेष कौशल्य : निरंक.

सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर ही नोंद झाली तेव्हा चांगदेव टेबलासमोरच उभा होता. त्यानं हरकत घेतली नाही. एकतीस वर्षं सरकारी बंदुका उघडून, पुसून, पुन्हा जोडून ठेवण्यात गेली होती. एवढ्या काळात एकही फुटली नाही आणि एकही हरवली नाही, म्हणजे नोंद करण्यासारखं काही घडलंच नाही, असं सरकारचं म्हणणं असेल तर ते त्यालाही पटण्यासारखं होतं.

दौंडचं ते शस्त्रांचं कोठार कुठल्या खात्याचं, हे सांगण्यात अर्थ नाही. तीन वेळा हस्तांतर होऊन ते आता नेमकं कुणाचं, हे खात्यांनाही पुरतं आठवत नव्हतं. कोठाराच्या मागच्या भिंतीला सहा मार्टिनी-हेन्री रायफली उभ्या होत्या. शंभरीच्या पुढच्या. गोऱ्या पलटणींना नव्या रायफली मिळाल्या तेव्हा या उतरलेल्या म्हणून देशी शिपायांकडे आल्या, शिपायांकडून पोलिसांकडे आणि पोलिसांकडून भिंतीकडे. या रायफलीच्या पोटाखालची लोखंडी मूठ पुढं ढकलली की आतला ठोकळा खाली जातो, तिथं एकच काडतूस सरकवायचं आणि मूठ मागं ओढायची. ठोकळा वर येताना मध्ये अंगठा राहिला तर नख जातं. चांगदेवचं एकोणीसशे बहात्तर साली गेलं होतं. त्या गोष्टीचा त्यानं रायफलीवर राग धरला नाही. चूक अंगठ्याची होती.

निवृत्तीच्या आधी त्यानं कोठाराची शेवटची मोजदाद केली. छापील तक्त्यात रकाना नऊ होता : नमुना काडतूस, आहे किंवा नाही. मार्टिनीचं काडतूस त्या कोठारात कुणी पाहिलेलं नव्हतं. चांगदेवनं सहा रायफलींपुढं सहा वेळा 'नाही' लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि खाली सही करून तो घरी आला.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात तात्याबा त्याच्या ओट्यावर येऊन बसला. तात्याबा म्हणजे त्याच्या जागी आलेला हवालदार. हाताखाली शिकलेला, म्हणून चांगदेवला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, तुमची म्हातारी मंडळी चालली."

"कुठं?"

"कापाया. परिपत्रक आलंय." तात्याबानं खिशातून झेरॉक्स काढली आणि शाळेतल्यासारखी वाचली. "'ज्या प्रकारच्या शस्त्रांसोबत किमान एक नमुना काडतूस उपलब्ध नाही, ती शस्त्रे अपूर्ण समजून निर्लेखित करावीत व गॅस कटरने तुकडे करून भंगारात काढावीत. परिपूर्ण असलेली जुनी शस्त्रे प्रस्तावित संग्रहालयासाठी राखून ठेवावीत.' मार्चात बोर्ड येनार हाय तपासाया."

"अपूर्ण कशी? स्क्रू न् स्क्रू हाय त्यांच्यात. मी सवता मोजलेत."

"रकाना नऊ, उस्ताद. काडतूस नाही."

"कुनी लिवलं?"

 चहात पाव बुडवायचं काम तात्याबानं फार मन लावून केलं.

आतून रंभा म्हणाली, "खरं लिवायची लई हौस तुमाला." रंभा म्हणजे चांगदेवची बायको. तिनं त्याचा पगार, त्याचा गणवेश आणि त्याचा खरेपणा असं सगळं एकतीस वर्षं सांभाळलं होतं. त्यातला पगारच काय तो त्यातल्या त्यात हलका गेला.

चांगदेव त्या दिवशी जेवला नाही असं काही झालं नाही. तो जेवला, आडवा झाला, उठला आणि म्हणाला, "करावं लागंल."

"काय?"

"काडतूस."

असलं काडतूस कारखान्यात निघायचं बंद होऊन चांगदेवच्या वयापेक्षा जास्त काळ लोटला असावा. बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण बोर्डाला उडवायला काडतूस नको होतं. दाखवायला हवं होतं. रिकामं पितळी कवच, आत दारू नाही, बुडाला टोपी नाही, तोंडाशी गोळीऐवजी सागाची खुंटी आणि पोटात आरपार दोन भोकं. म्हणजे कुणी मनात आणलं तरी त्यातून आवाजसुद्धा निघू नये. "आधी भोकं, मग बाकीचं," असं त्यानं ठरवलं आणि रीतसर परवानगीचा अर्ज टाकला. महिन्यानं उत्तर आलं की अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. योग्य तो विभाग कोणता, हे पत्रात नव्हतं. मग तो कोठाराच्या साहेबांना प्रत्यक्ष भेटला. साहेब म्हणाले, "भोकं पाडलेलं, रिकामं, टोपी नसलेलं? मग ते काडतूस कसलं? ते भांडं झालं. करा." आणि कवचाचं माप घ्यायला त्यांनी तात्याबाच्या देखरेखीखाली एक रायफल उघडू दिली. चांगदेवनं तिच्या नळीच्या बुडात वितळलेला गंधक ओतून आतल्या पोकळीचा ठसा काढला. पिवळा ठसा हातात आला तो सुरईसारखा : बुडाला रुंद, वर गळ्याशी एकदम निमुळता.

आता तसं पितळ. पाइपाला बूड जोडून पाहिलं. ते पहिल्याच दाबाला निखळलं. चांगदेवला माणसांची नावं फारशी लक्षात राहत नसत, पण बंदुका राहत. नोकरीत असताना त्याला अधूनमधून तालुक्यातल्या परवानाधारकांची हत्यारं तपासायला पाठवत. तळेगाव ढमढेऱ्यात हौसराव नावाच्या बागायतदाराच्या घरी आजोबांच्या शिकारीची चोवीस बोअरची बंदूक होती. तिची काडतुसं जुन्या तऱ्हेची, अख्ख्या पितळेची. बुडाची रुंदी, त्याच्या आठवणीप्रमाणं, हवी तेवढीच.

तो जीपनं तळेगावला गेला. हौसराव साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडले होते, त्यामुळं घरी सापडले.

"बंदूक न्हाई हो आता, हवालदार. मागल्या इलेक्शनला ठान्यात जमा केली, ती तिकडंच हाय."

"बंदूक नको. मोकळी टोपनं पायजेत, उडालेल्या काडतुसांची. पितळी."

"ती आईच्या देवघरात हायेत. तिथं आपलं मत चालत न्हाई."

चहा कपबशीतून आला. तसल्याच कपबशीतून हौसरावांनाही आला. चांगदेवनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सत्त्याण्णव सालीही ते पाहावं लागत होतं.

रंगुबाई, हौसरावांची आई, ऐंशीच्या आसपासची, काठी न घेता बाहेर आली. आठ टोपणं होती तिच्याकडं. हळद, कुंकू, बुक्का, अक्षता, नैवेद्याची साखर, असं एकेकात एकेक. सासऱ्यानं शिकार सोडली तेव्हापासून ती देवापुढं होती.

"देवाची भांडी गोळ्या घालाया देऊ व्हय रं?"

"गोळी न्हाई, काकी. गोळीचं सोंग. न्हाई तर सहा रायफली कापनार हायेत."

"कापू दे की. मानसं कापत्यात तवा कुठं कोन इचारतंय."

 चांगदेवनं तिला रकाना नऊ सांगितला. सहा वेळा 'नाही' कुणी लिहिलं, तेही सांगितलं.

"म्हंजी तुज्या हातानं मरत्यात त्या?"

"व्हय."

"मग हे आधी सांगाया काय झालं व्हतं?" म्हातारी उठली. "सात देते. कुंकवाचं मागू नगंस. आन् बदल्यात सात डब्या पायजेत, झाकनाच्या. ह्यांना झाकनं न्हाईत. साखरंला मुंग्या लागत्यात."

झाकणाच्या सात पितळी डब्या कारेगावच्या संपतनं करून दिल्या. रांजणगावच्या कंपन्या आल्यापासून संपतनं पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकली होती आणि तो दिवसभर कंपनीचे बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या आखूड नळ्या, काढत असे. कवचाला आकार द्यायचे साचेही त्यानंच कातले, पोलादाचे तीन, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा निमुळता. चांगदेव रोज दौंडहून दोन गाड्या बदलून यायचा आणि स्टुलावर बसायचा.

"मामा, एवढ्या टायमात माजे दोनशे बुश निघत्यात."

"मग काढ की. माजं झाल्यावर."

"आन् तुमचं कवा व्हनार?"

"बरूबर झाल्यावर."

पितळाचा स्वभाव असा, की एकदा दाबलं की ते अडून बसतं. पुन्हा दाबलं तर फाटतं. मधेमधे त्याला लालसर तापवून नरमवावं लागतं. पण बूड मात्र नरम होऊन चालत नाही. म्हणून चांगदेव कवच थाळीतल्या पाण्यात निम्मं उभं करायचा आणि वरच्या अर्ध्याला गॅसची ज्योत द्यायचा. मग एरंडेलाचं बोट फिरवून पहिला साचा, पुन्हा ज्योत, दुसरा साचा, पुन्हा ज्योत, तिसरा. पलीकडं इनामगावला घोडनदीच्या काठी उकरून सापडलेली माणसं तीन हजार वर्षांपूर्वी तांब्याची अशीच मनधरणी करत असणार. त्यांना फक्त तक्ता भरायचा नव्हता.

पहिली दोन कवचं गळ्याशी चुरगळली. तिसरं फाटलं. संपत म्हणाला, "सोडा मामा. माज्याकडं तांब्याचा पाइप हाय, वरून बघनाऱ्याला काय कळतंय?"

"मला कळंल."

"तुमी हाय का बोर्डात?"

"बोर्डाच्या आधी मी हाय."

चार कवचं जमली. नोव्हेंबरच्या अखेरीस तात्याबासमोर एकेक रायफलीत घालून पाहिलं. आत गेलं, ठोकळा बसला, मूठ ढकलताच पुन्हा बाहेर आलं. तात्याबानं सलाम ठोकला. पण कवचं कोठारात ठेवता येईनात. कोठारात ठेवायची तर वस्तूची नोंद हवी, आणि नोंद रकाना नऊमध्ये, आणि तो रकाना आता बोर्डाशिवाय कुणाला हात लावता येत नव्हता. चांगदेव चारही कवचं रुमालात बांधून घरी घेऊन आला.

"घरात न्हाई," रंभा म्हणाली.

"अगं, भोकं हायेत त्याला. रिकामी हायेत."

"भोकं कोन बघतंय? आपल्या वस्तीत काडतुसं सापडली म्हनल्यावर पेपरात काय छापत्यात ते मला सांगू नका. भोकाचा फोटू येत न्हाई."

 मागं शेळ्यांचं खोपट होतं, तिकडं बाहेरचं कुणी जात नसे. चांगदेवनं कवचं युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळली आणि गोणी गव्हाणीच्या मागं, लेंड्या-मुताच्या उबेत, नीट दडवली. कोरडी जागा, कुणाच्या नजरेला न येणारी. एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसानं निवडलेली.

मार्चच्या दोन तारखेला, बोर्ड नऊ दिवसांवर असताना, त्यानं गोणी उलगडली. चारही कवचं काळपट पडली होती आणि प्रत्येकाच्या गळ्यापासून पोटापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. एकाला अंगठा लावला तर टवका निघून हातात आला.

रंभानं बोलावं असं बरंच होतं. तिनं फक्त गव्हाणीत वैरण टाकली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तळेगावच्या ओट्यावर होता. रंगुबाईनं आधी त्याच्याकडं आणि मग त्याच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं.

"कुंकवाचं मागाया आलास."

"व्हय, काकी."

"पयल्या सातांचं काय केलंस?"

"तीन कामात गेली. चार शेळ्यांच्या खोपटात ठेवली व्हती. तडकली."

म्हातारी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की हौसराव आतून काय झालं ते बघायला आले. "पितळ? शेरडांच्या मुतापशी? अरं चांगदेवा, मी लगीन व्हऊन आले तवा सासूनं पयल्या आठवड्यात सांगितलं, नवं घडीवलेलं पितळ गोठ्यात न्हिऊ नगं, तडकतंय. तू सरकारात काय करत व्हतास रं एवढी वर्सं?"

चांगदेवच्या डोळ्यांपुढं एक पाटी आली. 'दारूगोळा तबेल्यापासून दूर ठेवावा.' कोठारातल्या स्थायी आदेशांतला सतरावा. कोठारात घोडा पाहिलेला माणूस जिवंत नव्हता, तरी दर वर्षी नवी पाटी रंगवली जाई, आणि ती तोच रंगवत असे, एकतीस वेळा, त्याच वळणदार अक्षरात. इंग्रजांची काडतुसं एके काळी इथल्या पावसाळ्यात तबेल्यांत ठेवून अशीच उकलली होती. त्यावर साहेबांनी बरीच वर्षं डोकी खाजवली आणि शेवटी कारण शोधून काढलं : दाबून घडवलेल्या पितळात ताण उरतो आणि मुताचा उग्र वास त्या ताणाला वाट करून देतो. आदेशात कारण लिहायची पद्धत नसल्यामुळं ते चांगदेवपर्यंत पोचलं नाही. रंगुबाईच्या सासूपर्यंत पोचलं होतं.

"मग गोठा असलेल्या घरात करायचं काय, काकी?"

"आमच्याकडचा तांबट हंडी घडवून झाली की तशीच देत नव्हता. गरम राखंत पुरून ठेवायचा. लाल करायची न्हाई, नुसती राखंची धग द्यायची, राख निवंस्तवर. म्हनायचा, तिचा राग जाऊ द्या, मग वापरा." ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा आठवं टोपण चिंचेनं घासून लख्ख केलेलं होतं. "हे मी देतेय. त्या भिंतीकडल्या म्हाताऱ्यांना देतेय. तुला न्हाई. आन् ह्याची डबी मोठी पायजे."

एकच कवच, एकच संधी. संपतनं त्या दिवशी लेथ बंद ठेवली. हे त्यानं कुणी न सांगता केलं, म्हणजे परिस्थिती किती कठीण होती ते समजावं. चांगदेवनं आधी भोकं पाडली. मग ज्योत, एरंडेल, साचा. सवयीपेक्षा दुप्पट वेळा तापवलं, निम्म्या जोरानं दाबलं. दुसऱ्या साच्याला गळ्याशी एक सुरकुती उठली. चांगदेवनं हात थांबवला, कवच बाहेर काढलं, पुन्हा तापवलं, आतून गुळगुळीत सळई फिरवून ती सुरकुती तासभर नुसती चोळली. ती गेली. तिसऱ्या साच्यातून कवच निघालं ते ठशाशेजारी ठेवल्यावर कुठला गंधक आणि कुठलं पितळ एवढाच फरक राहिला.

ते तसंच घेऊन तो घरी आला आणि दारातच उभा राहिला.

"राख लागंल," तो म्हणाला. "गरम."

रंभानं कवचाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं न्हाणीतल्या बंबाची जाळी खाली केली, राख ओढून घेतली, हातानं धग पाहिली, थोडी वाट पाहिली, पुन्हा पाहिली. "आना इकडं. तुमी बघतच बसाल." कवच तिनंच पुरलं. निवेपर्यंत तीच राखण करत बसली, आणि त्या दिवशी आंघोळीला पाणी मागायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढचे दिवस कवच रंभाच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत राहिलं. चांगदेव रोज सकाळी ते भिंगाखाली पाहायचा. चीर नव्हती. सागाची खुंटी बसवली. दहाव्या तारखेलाही चीर नव्हती.

अकरा तारखेला बोर्ड आलं. तीन साहेब, एक कारकून. कोठाराच्या अंगणात गॅस कटरवाला सकाळपासून सिलिंडरवर बसून होता. मोठ्या साहेबांनी पहिली रायफल घेतली, मूठ पुढं ढकलली, काडतूस सरकवलं, मूठ मागं ओढली. खट. पुन्हा ढकलली, काडतूस त्यांच्या तळहातावर आलं. असं सहा वेळा. सहाव्या वेळी ते हसले.

"कुठून आणलंत हे?"

"केलं, साहेब."

"म्हणजे तयार केलं? काडतूस तयार केलं असं मी लिहिलं तर आधी तुमच्यावर गुन्हा दाखल करावा लागेल."

"मग भांडं लिवा. इथल्या साहेबांनी तसंच म्हनलं व्हतं."

"रकान्यात भांडं बसत नाही. कोठारात जुनं सापडलं असं लिहितो. सगळ्यांचंच भलं."

तात्याबा मागून उस्तादांची बाही ओढत होता. अंगणात कटरवाल्यानं ज्योत पेटवून पाहिली आणि विझवली. तो आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

"सापडलेलं न्हाई, साहेब," चांगदेव म्हणाला. "खोटं लिवलं तर पुढलं बोर्ड तपासंल, त्यांना भोकं दिसतील, नवं पितळ दिसंल, आन् खोट्यापायी ह्या सहा पुन्यांदा कापाया काढतील. मला एकदाच वाचवायच्यात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. तक्ता जवळ ओढून रकाना नऊ वरपासून खालपर्यंत वाचला. "आहे किंवा नाही, एवढंच विचारलंय यात," ते म्हणाले. "कुठून, ते विचारलेलंच नाही." आणि त्यांनी सहा वेळा 'आहे' लिहिलं. कटरवाल्याला चहा देऊन परत पाठवण्यात आलं.

महिन्याभरात आदेश निघाला. 'सदर सहा शस्त्रे सर्वार्थाने परिपूर्ण असल्याचे निदर्शनास आले असून, राष्ट्रीय वारसा या नात्याने ती प्रस्तावित संग्रहालयात जनतेच्या पाहणीकरिता कायमस्वरूपी जतन करण्यात येत आहेत. त्यांच्या देखभालीची यथोचित व्यवस्था करण्यात आली आहे.'

संग्रहालय झालं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चांगदेव कोठारात जातो आणि रायफलींना तेल लावतो.